उजनी शंभर टक्के भरते, मग मे महिन्यात उण्यात का जाते?

चारी_नऊ

राम राम मंडळी.

आमचं रान भीमेवरच्या उजनी धरणाच्या उजव्या कालव्याच्या शेपटाला, मंगळवेढ्याच्या अंगाला. ऑगस्टमध्ये धरण भरलं की गावातल्या प्रत्येकाच्या स्टेटसला ते ४१ दरवाजे आणि खाली उसळणारं पांढरं पाणी दिसायला लागतं. मलाही आनंद होतो, खोटं कशाला बोलू. धरण भरलं म्हणजे वर्ष निघालं, असं वडील म्हणायचे.

पण मी गेली सात-आठ वर्षं वहीत लिहून ठेवतोय. धरण किती भरलं ते एका बाजूला आणि आमच्या चारीला, म्हणजे कालव्यातून रानाकडं येणाऱ्या पाटाला, पाणी कधी आलं ते दुसऱ्या बाजूला. दोन्हीचा मेळच बसत नाही. एका वर्षी धरण काठोकाठ होतं. गव्हाला ओंबी भरायच्या वेळी पाणी हवं होतं, ते अठरा दिवस उशिरा आलं. रात्री दोनला बॅटरी घेऊन चारीवर बसलो होतो. कोरड्या चारीत पाणी येतं तेव्हा आधी आवाज येतो, मग पालापाचोळा, काड्या आणि मातकट फेस ढकलत ते पुढं सरकतं. ते बघून कुणालाही बरं वाटेल, पण मला रडू आलं. दाणा पोचट राहिला होता, आता पाणी देऊन उपयोग नव्हता.

तर प्रश्न असा, की शंभर टक्के भरलेलं धरण मे महिन्यात "उणे वीस", "उणे चाळीस" होतं कसं? शंभरातून शंभर गेले तर शून्य उरायला हवं. हे उणे कुठून येतं आणि ते पाणी जातं कुठं? जाणकारांनी सविस्तर लिहावं. राजकारण नको, आपल्याला पाण्याचा हिशेब समजून घ्यायचाय.

जुना_ओव्हरसियर

चारी_नऊ, तुमची वही जपून ठेवा.

नोकरीची बरीच वर्षं धरणांवर आणि कालव्यांवर गेली, त्यामुळे आकड्यांपासून सुरुवात करतो.

उजनीची एकूण साठवण ११७.२३ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी). त्यातला उपयुक्त साठा ५३.५७ आणि मृतसाठा ६३.६६. मृतसाठा उपयुक्त साठ्यापेक्षा मोठा आहे, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. टक्केवारी मोजतात ती फक्त उपयुक्त साठ्याची. पाण्याची पातळी ४९१.०३ मीटरला आली की शून्य टक्के, ४९६.८३ मीटरला पोचली की शंभर टक्के. मध्ये अंतर किती? ५.८ मीटर. दोन मजली घराएवढंही नाही. वर्तमानपत्रातली शून्य ते शंभर ही सगळी कहाणी एवढ्या उंचीत घडते. शंभराच्या वरही थोडी जागा आहे, ती धरून पावसाळ्याच्या अखेरीस १२३ टीएमसीपर्यंत पाणी साठवतात. मग बातमी येते "उजनी १११ टक्के".

आता उणे. पाणी ४९१.०३ च्या खाली गेलं की मृतसाठा सुरू. नाव मृत असलं तरी ते पाणी जिवंतच आहे, नदीच्या दारांतून सोडता येतं, मोटारींनी उपसता येतं. त्याची टक्केवारी सुद्धा ५३.५७ च्याच मापानं काढतात. उणे ६० टक्के म्हणजे शून्याच्या खाली आणखी ३२ टीएमसी गेले. २०२४ च्या जूनमध्ये आपण जवळपास तिथं पोचलो होतो.

त्या उणे साठलाही कागदावर धरणात ३१ टीएमसीच्या वर पाणी उरतं. पुण्याला पाणी देणारी पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला ही चारही धरणं काठोकाठ भरली तर मिळून २९ टीएमसी होतात. म्हणजे रिकामी म्हणवणारी उजनी भरलेल्या खडकवासला साखळीपेक्षा मोठी. अर्थात ३१ मधून गाळ वजा करायचा, आणि तो थोडाथोडका नाही. पुणे, पिंपरी-चिंचवड आणि सगळ्या वरच्या खोऱ्याची माती, घाण इथंच येऊन बसते.

पाच_दिवसांआड

काका, एक शंका. मृतसाठा एवढा प्रचंड ठेवलाच कशाला? आधीच धरण खोल खणून किंवा कालवा खालून काढून सगळं पाणी वापरता आलं नसतं का?

जुना_ओव्हरसियर

चांगला प्रश्न. धरण खणत नाहीत, नदीला आडवी भिंत घालतात. खोऱ्याचा आकार जसा असेल तसं पाणी पसरतं. कालवा मोटारीवर चालत नाही, उतारावर चालतो. त्याचं तोंड जितकं उंच, तितकं पाणी लांबवर आणि उंच रानाला जातं. तोंड दहा मीटर खाली घेतलं असतं तर आज पाणी पिणारी कितीतरी गावं कालव्याच्या वरच्या अंगाला, कोरडी राहिली असती. त्याखालची जागा गाळासाठी सोडलेली असते.

भिंत नदीपात्रापासून ५६ मीटर उंच, लांबी अडीच किलोमीटर. पण वरचं खोरं पसरट. वरच्या ५.८ मीटरमध्ये ५३.५७ टीएमसी बसतात, म्हणजे पाण्याचा पसारा सरासरी अडीचशे चौरस किलोमीटरहून जास्त. याचा अर्थ साधा आहे: पातळी साधारण ११ सेंटिमीटर उतरली की १ टीएमसी गेलं. अर्धी वीत. आणि उन्हाळ्यात एवढ्या उघड्या, उथळ पाण्यातलं किती पाणी सूर्य पितो ते कालव्याच्या कुठल्याही पाळीत, म्हणजे ठरवून सोडलेल्या पाण्यात, दिसत नाही. सह्याद्रीच्या कुशीतल्या खोल, अरुंद धरणात असं होत नाही.

एक मोजमाप सगळ्यांनी पाठ करा, पुढच्या चर्चेत कामाला येईल. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट; ११,५७४ क्युसेकनं चोवीस तास पाणी वाहिलं की १ टीएमसी होतं. दौंडला भीमेतून लाखभर क्युसेक येत असेल तर उजनीत दिवसाला साडेआठ टीएमसीच्या वर भर पडते. म्हणूनच उण्यातलं धरण पंधरा दिवसांत भरलेलं आपण पाहिलंय. २०२४ च्या पावसाळ्यात तेच झालं.

फुगवट्यावरची

नमस्कार. मी करमाळा तालुक्यातल्या फुगवट्याकाठची, म्हणजे भिंतीमागं पसरलेल्या पाण्याच्या काठची. माहेर-सासर दोन्ही पाण्याच्या कडेला. वर काकांनी जी अर्धी वीत सांगितली, ती आमच्या दारात कशी दिसते ते सांगते.

आमच्याकडं जमीन जवळजवळ सपाट. पाणी अर्धी वीत खाली गेलं की कडेचं पाणी कितीतरी पावलं मागं सरकतं. जानेवारीत मोटार जिथं असते, एप्रिलमध्ये तिथं भेगाळलेला गाळ असतो. मग पाईप वाढवायचे, केबल वाढवायची, मोटार तराफ्यावर घालून आत न्यायची. एका उन्हाळ्यात आम्ही चार वेळा मोटार हलवली. गाळात माणूस मांडीपर्यंत रुततो. माझे मिस्टर आणि दीर दोरीनं मोटार ओढत होते आणि मी काठावर पाईपची जोडणी धरून उभी होते. केळीचा बाग होता, घड पडलेले. चार दिवस पाणी तुटलं असतं तर बाग झोपला असता. टंचाईत मोटारींची लाईट कमी करतात तेव्हा तर रात्रीचे दोन-तीन तास मिळतात, त्यात दाब यायलाच अर्धा तास जातो.

लोक म्हणतात, फुगवट्यावाल्यांची चैन आहे, धरणच त्यांच्या दारात. आमच्या आजेसासूबाई सांगायच्या, गाव उठलं तेव्हा जातं सुद्धा बैलगाडीत घालून आणलं आणि तुळशीची माती फडक्यात बांधून आणली. ज्यांची काळी रानं पाण्याखाली गेली त्यांनीच ही भिंत उभी राहू दिली. आज त्यांच्या नातवांनी पाणी उपसलं तर त्यांना चोर ठरवू नका, एवढंच मागणं आहे.

आणखी एक. पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. फोटो काढायला गाड्या भरून लोक येतात. देऊळ सुंदर आहेच. पण त्याचा कळस दिसायला लागला की आमच्याकडची म्हातारी माणसं गप्प होतात.

चारी_नऊ

ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. आम्ही शेपटाचे लोक फुगवट्याला दोष देतो हे खरंय, मी स्वतः दिलाय. यापुढं बोलताना आधी तुमचं आठवेल.

पाच_दिवसांआड

आता आमचंही ऐका. मी सोलापूर शहरातला. नाव का घेतलंय ते कळलंच असेल. आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी आल्याचं माझ्या मुलीनं पाहिलेलं नाही. पाणी यायच्या दिवशी घरातलं एक माणूस कामाला जात नाही. पिंप, घागरी, पातेली, कुकरचं भांडं सुद्धा भरून ठेवतो.

आणि उन्हाळ्यात ओरड होते की "सोलापूरसाठी पाच टीएमसी सोडलं". एवढं पाणी आम्ही पितो का? मी हिशेब मांडून बघितला. दहा लाख माणसं, माणशी दिवसाला १३५ लिटर धरले तर दिवसाला साडेतेरा कोटी लिटर होतात. १ टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर. म्हणजे वर्षभराचं पाणी पावणेदोन टीएमसी! मग एकेका वेळी पाच टीएमसी जातं कुठं?

जुना_ओव्हरसियर

जातं नदीत. तुमचा हिशेब बरोबर आहे, खोट पाणी न्यायच्या रस्त्यात आहे.

उजनीहून सोलापूरला जुनी थेट जलवाहिनी आहे, पण शहराला ती एकटी पुरत नव्हती. उरलेलं पाणी भीमेच्या पात्रातून सोडून टाकळी-चिंचपूरच्या बंधाऱ्यात अडवायचं आणि तिथून उचलायचं. धरणापासून तिथपर्यंत नदीचं अंतर शंभर किलोमीटरहून कितीतरी जास्त. मे महिन्यातलं पात्र म्हणजे तापलेला तवा. वाळू आधी पिते, मग खड्डे भरतात, मग वाटेतले कोल्हापुरी बंधारे. ६,००० क्युसेकनं दहा दिवस सोडलं तर पाच टीएमसी धरणातून जातं. शेवटच्या बंधाऱ्यात जे साठतं ते त्याच्या पाव हिश्श्याएवढंही नसतं.

म्हणून दुसऱ्या समांतर जलवाहिनीची मागणी एवढी वर्षं लावून धरली होती. नळातून न्यायचं पाणी नदीतून न्यावं लागणं हे या सगळ्या व्यवस्थेतलं सर्वांत महाग काम आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

वाळवंट

पंढरपूरहून लिहितोय. वरच्या मताशी पूर्ण सहमत नाही.

नदीत सोडलेलं पाणी वाया गेलं म्हणणं आम्हाला लागतं. वाटेतल्या खड्ड्यांत, वाळूत जे मुरतं तेच काठावरच्या विहिरींना येतं. पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा इथल्या पिण्याच्या योजना याच पाण्यावर चालतात. गुरं नदीवर पितात. आषाढीला चंद्रभागेत पाणी नसेल तर लाखो वारकऱ्यांनी स्नान कशात करायचं? ते पाणीही उजनीतूनच येतं. नदीला स्वतःचं काही पाणी असावं की नाही? सगळं नळात घातलं तर भीमा फक्त पावसाळ्यात, पुराच्या वेळीच दिसेल.

आणि पुराचं म्हणाल तर उजनीकडं एकटीकडं बघून चालत नाही. उजनीच्या खाली नीरा-नरसिंहपूरला नीरा येऊन मिळते. तिच्यावर भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी आणि सगळ्यांच्या खाली वीर. उजनीचे दरवाजे बंद असले आणि वीरमधून विसर्ग वाढला, तरी आमच्या घाटाच्या पायऱ्या एकेक करून बुडतात. दोन्हीकडून एकदम आलं तर रात्रीत व्यासनारायण झोपडपट्टीत पाणी शिरतं. ऑक्टोबर २०२० चा पूर विसरलो नाही. पावसाळा संपत आलेला, धरणं भरलेली, आणि परतीच्या पावसानं झोडपलं. भरलेल्या धरणात आणखी पाणी ठेवायला जागा कुठून आणणार? वरून आलं तेवढं खाली सोडावंच लागतं.

तेव्हा चारी_नऊ, तुम्हाला धरण १५ ऑगस्टलाच काठोकाठ हवं असतं आणि आम्हाला वाटतं थोडी जागा रिकामी राहावी. दोघंही बरोबर आहोत.

मुठाकाठ

पुण्याहून. शिव्या पडणार हे गृहीत धरून लिहितोय.

आम्ही पाणी जास्त वापरतो हे खरं आहे. माणशी ठरवून दिलेल्या मापापेक्षा शहर जास्त उचलतं आणि त्यातलं बरंच गळतीत जातं. पण वापरलेलं पाणी मुळा-मुठेतून खाली उजनीतच येतं. प्रश्न ते कसं येतं याचा आहे. पुरेसं शुद्ध न करता येतं, आणि ही शरमेची गोष्ट आहे. फुगवट्यावरच्या ताईंच्या दारात उन्हाळ्यात जे हिरवं, वास मारणारं पाणी आणि जलपर्णी असते त्यात आमचा वाटा मोठा आहे.

दुसरं असं की "वरच्या धरणांनी पाणी अडवलं" हे पावसाळ्यात फार काळ खरं नसतं. उजनीच्या वर वीसेक धरणं: पवना, चासकमान, भामा-आसखेड, डिंभे, माणिकडोह, येडगाव, घोड वगैरे. ही तुलनेनं लहान आहेत, सह्याद्रीतल्या पावसानं लवकर भरतात आणि मग सांडव्यावरून पाणी खाली येतं. चांगल्या पावसाच्या वर्षी कुणी काही न करता उजनी भरते. भांडण असतं ते वाईट वर्षी. २०२३ ला उजनी जेमतेम साठ टक्क्यांपर्यंत गेली आणि जानेवारी २०२४ मध्येच उण्यात आली. तेव्हा वरचं प्रत्येक धरण आपापलं पाणी धरून बसलं. साखळीतलं प्रत्येक धरण स्वतःपुरतं शहाणपणानं वागलं तरी सगळी साखळी शहाणी होत नाही.

आम्हा पुणेकरांना साखळी म्हणजे काय हे १२ जुलै १९६१ ला कळलं. वरचं पानशेत फुटलं, त्या लोंढ्यानं खालचं, १८७९ चं खडकवासलाही गेलं. माझी आत्या शनिवार पेठेत होती. ती म्हणायची, पाणी वरून पडत नव्हतं, रस्त्यानं चालत येत होतं. ओसरल्यावर माळ्यावरच्या डब्यात सुद्धा चिखल निघाला होता.

जुना_ओव्हरसियर

मुठाकाठ, मोकळेपणानं लिहिलंत, शिव्या कशाला पडतील.

यात एक दुवा राहिला. मुळशी, लोणावळा, वळवण, शिरवता, ठोकरवाडी ही टाटांची धरणं भीमेच्याच खोऱ्यात आहेत. त्यांचं पाणी मात्र सह्याद्री ओलांडून पश्चिमेला कोकणात उतरतं आणि मुंबईसाठी वीज तयार होते. वर्षाला चाळीस टीएमसीच्या आसपास. म्हणजे उजनीच्या उपयुक्त साठ्याचा तीन-चतुर्थांश. १९२१ मध्ये सेनापती बापटांनी मुळशीचा सत्याग्रह केला तो बुडणाऱ्या जमिनींसाठी. तेव्हा खाली सोलापूरकडं हे पाणी कधी लागेल असं कुणाच्या मनातही नव्हतं. आज वीज बनवायला दुसरे मार्ग आहेत. कोरड्या जिल्ह्याला दुसरी भीमा नाही. हे पाणी, निदान दुष्काळाच्या वर्षी तरी, पूर्वेला वळवावं ही मागणी मला रास्त वाटते. करार, पाणीवाटप लवादानं राज्यांना दिलेले वाटे हे सगळं त्यात आहे, सोपं नाही.

पुराबद्दल वाळवंट यांचं बरोबर. कोणत्या तारखेला किती पातळी ठेवायची याची परिचलन सूची प्रत्येक मोठ्या धरणाला असते. पण सूची पाळणाऱ्याच्या मनातही भीती असते. जागा रिकामी ठेवली आणि परतीचा पाऊस आलाच नाही तर? पाणी सोडून दिलं म्हणून सगळा जिल्हा त्याला जबाबदार धरतो. मी त्या खुर्चीच्या शेजारी बसलोय. रात्रभर तासातासाला दौंडचा आकडा, पुण्यातल्या बंडगार्डनचा आकडा, वीरचा आकडा. फोन ठेवला की पुन्हा वाजतो. पहाटे चारला दरवाजे वीस सेंटिमीटर आणखी उचलायचे की थांबायचं हे ठरवायचं असतं, आणि खाली कुणाच्या तरी दारात पाणी जाणार हे माहीत असतं.

पाच_दिवसांआड

उसाबद्दल कुणी बोलतच नाही?

जुना_ओव्हरसियर

बोलू या. प्रकल्प आखला तो आठमाही पिकांसाठी. खरीप, रब्बी, आणि उन्हाळ्यात कालव्याला फारसं पाणी नाही. जास्तीत जास्त रानाला थोडं थोडं मिळावं हा हेतू. प्रत्यक्षात उभा राहिला बारमाही ऊस. सोलापूर जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत, राज्यात सर्वांत जास्त. उन्हाळ्याच्या पाळ्या, फुगवट्यावरचा उपसा, बोगद्यातून सीना नदीत जाणारं पाणी, या सगळ्याला ओढ लावतो तो ऊसच. उणे चाळीस, उणे साठ हे आकडे मुख्यतः तिथून आलेत.

चारी_नऊ

ऊस माझाही आहे, दीड एकर. लपवत नाही. पण का लावला तेही सांगतो.

गव्हाला, मक्याला, हरभऱ्याला पाणी ठरल्या वेळेला लागतं. आठवडा चुकला की पीक गेलं. ऊस सोशीक. पाणी महिनाभर उशिरा आलं तरी वाळत नाही, वाढ खुंटते, पण मरत नाही. पाणी कधी येईल याचा भरवसा नसलेल्या माणसानं असंच पीक लावायचं असतं जे वाट बघू शकतं. आम्हाला आळशी, पाणीखाऊ म्हणतात तेव्हा हे कुणी विचारत नाही.

सगळ्यांचं वाचल्यावर मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असं वाटतं. मी इतकी वर्षं किती टक्के बघत बसलो, पण माझा गहू टक्क्यांवर पिकत नाही, तारखेवर पिकतो. ताईंना मोटार कधी हलवायची ते आधी कळलं तर पाईप आणि माणसं तयार ठेवता येतील. सोलापूरच्या माणसाला नदीतलं पाणी कधी सुटणार ते कळलं पाहिजे. पंढरपूरला विसर्ग कधी वाढणार ते पायऱ्या बुडायच्या आत कळलं पाहिजे. सगळ्यांना एकच गोष्ट हवी आहे.

दरवर्षी १५ ऑक्टोबरचा साठा धरून पुढचं नियोजन करतात ना? त्या दिवशी धरणात काय आहे ते माहीत असतं. जूनपर्यंत नवं पाणी बहुधा येणार नसतं. मग कालवा सल्लागार समितीची बैठक झाली की त्याच आठवड्यात सगळ्या पाळ्यांच्या तारखा एकदम जाहीर का करत नाहीत? कालव्याच्या, बोगद्याच्या, नदीच्या, सगळ्यांच्या. आणि सोबत प्रत्येक तारखेला धरणाची पातळी अंदाजे किती असेल तेही. टक्के नको, मीटर द्या. म्हणजे फुगवट्यावरचा माणूस स्वतःच्या बांधावर खूण करून ठेवील.

फुगवट्यावरची

मीटरचं अगदी पटलं. आमच्या विहिरीच्या कठड्यावर सासऱ्यांनी रंगानं खुणा केल्यात, त्यावरून आम्ही पाणी ओळखतो. "आज उणे बावीस" ऐकून काही कळत नाही. "४८९ मीटर" म्हटलं की मोटार कुठवर न्यायची ते सांगता येतं.

जुना_ओव्हरसियर

मागणी रास्त आहे, फक्त तारीख पक्की मागू नका. कालवा फुटतो, अवकाळी पाऊस येतो आणि लोकच म्हणतात आता पाणी बंद करा, पिण्याची मागणी अचानक वाढते. तारखेऐवजी आठवडा मागा. "जानेवारीचा तिसरा आठवडा, शेपटाकडून सुरुवात". शेपटाकडून हा शब्द महत्त्वाचा. आधी वरच्यांनी भिजवायचं ठरलं की खालच्यांना उरलेलं मिळतं, आणि उरतं ते बहुधा ओल. खालून सुरुवात केली की वरच्याचं काही जात नाही, त्याच्या दारातून तर पाणी वाहतच असतं.

आणि नुसती मागणी करून भागणार नाही. तुमच्या चारीवरच्या किती जणांनी नमुना नंबर सात, म्हणजे पाणी मागणीचा अर्ज, भरलाय? पाणी अर्जच नसेल तर कागदावर तुमची मागणी शून्य. मी असे फाटे पाहिलेत जिथं रानात दोनशे एकर भिजतं आणि अर्ज चाळीस एकरांचे. पाणी कमी पडलं की त्या चाळिसावर बोट ठेवतात. २००५ च्या कायद्यानं पाणी वापर संस्था करून मोजून पाणी घेता येतं. घनमापानं मिळालं की कुणाच्या ओळखीवर अवलंबून राहावं लागत नाही. संस्था चालवणं कटकटीचं आहे, भाऊबंदकी आडवी येते. तरी जिथं नीट चालली तिथं शेपटाला पाणी गेलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.

चारी_नऊ

खरं सांगतो, आमच्या चारीवर अर्ज भरलेले सात जण आहेत. रान असलेले छत्तीस. मीही गेल्या वर्षी भरला नव्हता.

रविवारी सकाळी फाट्याच्या दारापाशी सगळ्यांना बोलावतो. वही घेऊन जातो. काका, संस्थेच्या नोंदणीला सुरुवात कुठून करायची, किती जणांच्या सह्या लागतात, तेवढं उद्यापर्यंत सविस्तर लिहाल का? कोऱ्या अर्जांचे गठ्ठे आणायला पुतण्याला सोमवारी पाठवतोय.

जुना_ओव्हरसियर

आज रात्री लिहितो. तोपर्यंत एक काम करा, चारीवर कोणाचं किती रान आहे ते गट नंबरसकट उतरवून घ्या. सुरुवात सगळ्यात शेवटच्या बांधापासून करा.